चांदीची नाणी आणि उताराचा रस्ता

२००३ च्या सिंहस्थातल्या चेंगराचेंगरीबद्दल नाशिकमध्ये कुणालाही विचारा. "साधूनं चांदीची नाणी उधळली, लोक वेचायला धावले", हेच उत्तर बहुतेक वेळा मिळतं. गोष्ट दोन वाक्यांत सांगून होते. त्यात साधू आहे, चांदी आहे, हाव आहे. म्हणूनच ती टिकली.

आता तोच दिवस जरा वेगळा सांगून बघतो. २७ ऑगस्ट २००३, शाही स्नान. पंचवटीत काळाराम मंदिराच्या बाजूने सरदार चौकातून रामकुंडाकडे उतरणारा रस्ता. दोन्ही बाजूंना घरं-दुकानं, रस्ता अरुंद, त्यात उतार. साधूंचं स्नान आधी व्हावं म्हणून भाविकांना बॅरिकेड लावून थोपवलेलं. मागून माणसं येतच होती. मागच्याला पुढे काय चाललंय ते दिसत नाही आणि पुढच्याला मागे फिरता येत नाही. ३९ जण गेले.

गर्दीचा अभ्यास करणारे सांगतात की एका चौरस मीटरमध्ये सहा-सात माणसं झाली की आपण आपल्या पायांनी चालतच नाही, गर्दी आपल्याला नेते. अशा ठिकाणी बरेचसे लोक तुडवले जाऊन नाही, तर छाती दाबली जाऊन, श्वास कोंडून मरतात. नाणी पडलीही असतील. पण तीच मोकळ्या मैदानात पडली असती तर फार तर ढकलाढकली झाली असती.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात "यूजरने चुकीचं बटण दाबलं" असं लिहून बग बंद करायची सोय असते. पण ते बटण तिथे ठेवलं कुणी, हा प्रश्न उरतोच ना? पहिल्या गोष्टीत दोष माणसांचा, म्हणजे उपाय उपदेश. दुसऱ्या गोष्टीत दोष जागेचा, म्हणजे उपाय रुंदी, उतार आणि येण्या-जाण्याच्या वेगळ्या वाटा. गोष्ट बदलली की कामांची यादी बदलते!

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही. १९७१ साली नेदरलँड्समध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यात चारशेहून अधिक मुलं. आकडे सगळ्यांसमोर होतेच. पण फिक लांगेनहॉफ या पत्रकाराची लहान मुलगी त्याच वर्षी अपघातात गेली आणि १९७२ मध्ये त्याने वर्तमानपत्रात लेख लिहिला. मथळा होता 'मुलांच्या हत्या थांबवा'. त्याच नावाने चळवळ उभी राहिली, आईबाप रस्त्यावर उतरले. १९७६ मध्ये तिथल्या कायद्याने 'वूनेर्फ' मान्य केले, म्हणजे राहत्या वस्तीतले असे रस्ते जिथे गाडीने माणसाच्या चालीने जायचं. आज आपण ज्या डच सायकलरस्त्यांचे फोटो एकमेकांना पाठवतो, त्यांच्या मागे हा राग आहे.

आपल्याकडे रमणी आयोगाने चौकशी केली. २०१५ चा सिंहस्थ चेंगराचेंगरीशिवाय पार पडला, ही मोठीच गोष्ट. पण २९ ऑगस्टच्या पहिल्या पर्वणीला बंदोबस्त इतका कडक होता की भाविकांना मैलोन्मैल चालावं लागलं, आणि नंतर निर्बंध सैल करावे लागले. बंदोबस्त पर्वणीपुरता असतो. रस्ता मात्र पुढची बारा वर्षं तसाच वापरायचा असतो, शाळेत जाणाऱ्या पोरांनी आणि देवळात जाणाऱ्या आजीने.

आपल्या गोष्टीत नाण्याला चेहरा आहे, त्या ३९ जणांपैकी एकालाही नाही. त्यातली एखादी आजी कुठल्या गावाहून आली होती, किती वेळ उभी होती, बाहेर पडायला जवळची वाट कुठे होती, हे कुणी सांगत नाही. २०२७ च्या पर्वण्यांसाठी नकाशे काढताना या माहितीचा उपयोग चांदीपेक्षा जास्त आहे.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी कुणी नाण्यांची गोष्ट सांगायला लागलं, तर ऐकून घ्या आणि एवढंच विचारा: रस्ता किती रुंद होता?