मुरगळला की मोडला?

मैत्रिणींनो, बांधावरून पाय घसरला की आपण म्हणतो, "मुरगळलाय, हळद लावा." कधी कधी घोटा मोडलेला असतो.

१७५६ साली लंडनचे शल्यवैद्य पर्सिव्हल पॉट घोड्यावरून पडले. नडगीचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. रस्त्यावर पडून राहिले, पण कुणाला उचलू दिलं नाही. एक दार विकत आणवलं, त्याला दांडे ठोकून घेतले आणि त्यावरून घरी गेले. पाय कापायची तयारी झाली होती. तेवढ्यात त्यांचे गुरू आले, म्हणाले, वाचेल. वाचला!

पुढे त्यांनी मोडलेल्या हाडांवर पुस्तक लिहिलं. घोट्याच्या एका मोडीला त्यांचंच नाव पडलं. लोकांना वाटतं त्यांचा घोटाच मोडला होता, तसं नव्हतं. हाड बसवताना गुडघा वाकवा, स्नायू सैल पडतात, असं ते सांगत.

१८९५ मध्ये राँटगेन यांना एक्स-रे सापडला. मग १९९२ साली कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी खूण सांगितली: घोटा दुखतोय, आणि आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याचं हाड मागच्या कडेला दाबून दुखलं, किंवा पडल्यावर लगेच आणि दवाखान्यातही चार पावलं टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढायचा. लंगडत टाकलेली पावलंही मोजायची.