भागेला, उचल, कोयता : एका यादीची कुळकथा

1976 च्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याच्या दुसऱ्या कलमात एक विलक्षण यादी आहे. कायद्याच्या कोरड्या भाषेत मध्येच तीसेक शब्दांची रांग लागते. आदियमार, बारमासिया, हरवाई, जीथा, कामिया, खुंडित-मुंडित, पालेरू, सागरी, वेट्टी. भारताच्या कानाकोपऱ्यांत माणसाला कर्जापोटी राबवून घेण्याच्या ज्या रीती होत्या, त्यांची ही गावोगावची नावं. या नावाची रीत कुठे दिसली, तर तिथे सक्तीच्या श्रमाचा करार झाला आहे असं सर्वसाधारणपणे गृहीत धरावं, असं कायदा सांगतो.

या रांगेत पाचवा शब्द आहे ‘भागेला’. धाराशिवच्या माणसाने इथे थांबायला हवं, कारण हा शब्द आपल्या जुन्या घरचा आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि उस्मानाबाद हे त्याचं आधीचं नावही शेवटच्या निजामाचं, मीर उस्मान अली खानाचं. त्याच संस्थानाने 1936 साली ‘भागेला’ करारांवर विनियम काढला. म्हणजे कर्जात अडकलेला मजूर ओळखण्याचा सरकारी खटाटोप आपल्याकडे दिल्लीच्या कायद्याआधी चाळीस वर्षं सुरू झाला होता. तरीही आज जिल्ह्यातली हजारो कुटुंबं ज्या आगाऊ पैशाच्या व्यवहारावर दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी घर सोडतात, त्याचा ‘उचल’ हा शब्द त्या तीस नावांत सापडत नाही. ‘सालगडी’ही नाही. पाडव्याला साल धरणारा मराठवाड्याचा गडी एवढा ठळक असून त्याला त्या रांगेत जागा मिळालेली नाही.

भागेला मुख्यतः तेलंगणातला. लग्नकार्यासाठी किंवा दुष्काळात सावकार-जमीनदाराकडून पैसे घ्यायचे आणि फिटेपर्यंत त्याच्या शेतावर राबायचं. बाप खपला की मुलगा. शब्दाच्या मुळाशी ‘भाग’ असावा, असं मला वाटतं. पिकातला वाटा घेऊन राबणारा तो भागेला. पुढे वाटा आटत गेला आणि कर्ज तेवढं उरलं. नात्यांची नावं मागे राहतात आणि नाती बदलतात, हे शेतीत नेहमीचं. बटईदाराचा बांधील मजूर होणं दख्खनमध्ये काही अघटित नव्हतं.

1936 च्या विनियमाची भावंडं शोधली की बिहार-ओरिसाचा 1920 चा कामियौती करारांचा कायदा सापडतो. पुढे मद्रासच्या एजन्सी भागात 1940 साली, ओरिसात 1948 साली असेच कायदे झाले, आणि राजस्थानात 1961 साली तिथल्या सागरी पद्धतीवर. 1976 च्या कायद्याचं खरं कुळ हेच, असं माझं ठाम मत आहे. याला दोन प्रतिस्पर्धी मतं आहेत. एक म्हणतं, हा कायदा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1930 च्या सक्तश्रम करारातून आला. भारताने तो 1954 साली मान्य केला होता. दुसरं म्हणतं, श्रमविषयक व्हिटले आयोगानंतर ब्रिटिशांनी मुलांचे श्रम गहाण टाकण्यावर 1933 साली जो कायदा केला, त्याचा हा विस्तार. दोन्हींत तथ्य आहे. पण श्रम संघटनेच्या करारात शिक्षेची धमकी हा गाभा आहे, आगाऊ रक्कम नव्हे. आणि 1933 चा कायदा 15 वर्षांखालच्या मुलापुरता होता. बापाला 50 रुपये आणि मालकाला 200 रुपयांपर्यंत दंड करून तो थांबत असे. आगाऊ पैसा, त्यापोटी श्रम आणि हे दोन्ही बांधणारा करार ही तीन पायऱ्यांची मांडणी कामिया-भागेला-सागरी या घराण्याचीच. आणीबाणीत, ऑक्टोबर 1975 मध्ये, वटहुकूम निघाला तेव्हा मसुदा करणाऱ्यांनी या घराण्यातली सगळी नावं एका ओळीत आणून बसवली.

आता त्याच कलमातली व्याख्या वाचा, कारण नावांच्या गर्दीत ती झाकली जाते. तिथे ‘आगाऊ रक्कम’ म्हणजे रोख किंवा वस्तुरूपाने एकाने दुसऱ्याला दिलेला पैसा. त्यापोटी घेणाऱ्याने ‘स्वतः किंवा कुटुंबातल्या कोणा व्यक्तीमार्फत’ राबायचं, आणि बदल्यात दुसरीकडे काम करण्याचं किंवा मोकळेपणाने कुठे जाण्याचं स्वातंत्र्य गमवायचं. हे वाक्य कळंब, वाशी, भूम, परंडा या बालाघाटाच्या पट्ट्यात कोणालाही वाचून दाखवा. ऐकणारा उचलीचं वर्णन ओळखेल. मजूर पुरवणारा मुकादम पावसाळ्यातच पैसे वाटतो. जोडप्यामागे ही रक्कम आता लाखाच्या आसपास किंवा वर जाते. मग टोळी पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर जाते, कोपी घालते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, राबते. टनावारी मजुरीतून उचल फिटली तर ठीक, नाहीतर बाकी अंगावर राहते आणि पुढच्या हंगामालाही जोडपं त्याच मुकादमाशी बांधलं जातं.

नाव यादीत नसल्याने काय होतं, याचा पुरावा 1978 च्या आसपासच्या दोन आकड्यांत आहे. गांधी शांती प्रतिष्ठान आणि राष्ट्रीय श्रम संस्थेच्या पाहणीत दहा राज्यांत 26 लाखांवर वेठबिगार निघाले. सरकारच्या राष्ट्रीय नमुना पाहणीत सोळा राज्यांत साडेतीन लाखांच्या आत. राज्यं जास्त आणि माणसं कमी! एवढी तफावत निव्वळ मोजणीच्या चुकीने पडत नाही. कोणाला वेठबिगार म्हणायचं, यावरच दोघांची नजर वेगळी होती. 1982 साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किमान वेतनाहून कमी दरात राबवणं म्हणजेच सक्तीचे श्रम असं सांगितलं, आणि 1983 साली बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात, सक्तीचे श्रम दिसले की मागे आगाऊ रक्कम आहे असं धरून चालावं, असं. न्यायालयाने व्याख्या वापरली, कचेऱ्या मात्र नावंच शोधत राहिल्या.

सक्तीच्या श्रमाच्या अशा याद्यांची दुसरी शाखा मालाची. सक्तीच्या श्रमातून झालेला माल बंदरावर अडवण्याची कल्पना तुरुंगातून निघाली. 1890 साली अमेरिकेने परदेशी कैद्यांनी बनवलेल्या मालाला दार बंद केलं. स्वदेशी कारखानदाराला स्वस्त मालाची धास्ती होती, कैद्याची कणव हा भाग दुय्यम. 1930 च्या जकात कायद्यात कैद्यांसोबत सक्तीचे मजूर आले. 1947 च्या आंतरराष्ट्रीय व्यापार करारातही तुरुंगातल्या मालाचा अपवाद आहे. आपल्याकडे 1938 च्या बालमजुरीवरच्या कायद्याने विडी, गालिचे, आगकाड्या, अभ्रक, कातडी कमावणं अशा कामांचं परिशिष्ट जोडलं. 1986 च्या बालकामगार कायद्याने तेच वाढवलं. गालिच्यांवर भारत सरकारने 1995 साली ‘कालीन’ हे प्रमाणचिन्हही आणलं. गालिच्याला माग असतो, मागाला जागा असते, त्यावर चिठ्ठी लावता येते. साखरेच्या पोत्यावर ती लावायची कशी? शेकडो फडांचा ऊस एका गव्हाणीत पडतो आणि एकच रस होऊन बाहेर येतो.

तरीही ऊस यादीत आला. अमेरिकेच्या श्रम खात्याने 2005 च्या कायद्यानुसार 2009 साली 58 देशांतल्या 122 वस्तूंची पहिली यादी काढली. 2014 च्या आवृत्तीत भारताच्या नावापुढे कापूस आणि ऊस हे दोन माल नव्याने दाखल झाले. ऊस दाखल झाला तो बालमजुरीच्या रकान्यात. वॉशिंग्टनला फडातलं मूल दिसलं, पण त्या मुलाला फडावर आणणारी उचल दिसली नाही. दिल्लीच्या कायद्यात उचलीची व्याख्या आहे आणि कुटुंबही आहे, पण ऊस तिथे कोणी शोधत नाही. दोन्हींच्या मधोमध जे लपलेलं आहे, त्याचं नाव कोयता.

ऊसतोडीत कोयता म्हणजे हत्यार, आणि कोयता म्हणजे नवरा-बायको. मुकादम ‘माझ्याकडं दहा कोयते’ म्हणतो तेव्हा वीस माणसं असतात. एकटा असला तर अर्धा कोयता. हा शब्द आपल्याकडे कुठून आला, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. संस्कृतातल्या ‘कृत्’ धातूकडे बोट दाखवणारे आहेत. पण कर्तरीची मराठीत कात्री झाली, कातर झाली. त्या वाटेने ‘कोय’ कधीच निघणार नाही. आंब्याच्या कोयीशी जोडणारे आहेत, त्यांना आकारापलीकडे आधार नाही. दक्षिणेकडे पाहिलं की गाठ सुटते. कन्नडमध्ये ‘कोय्यु’ म्हणजे कापणं, तमिळमध्ये ‘कोय्’ म्हणजे खुडणं-कापणं, मल्याळममध्ये ‘कोय्त्तु’ म्हणजे भाताची कापणी. कोंकणीतही कोयतो आहे. म्हणजे हा शब्द द्राविडी मुळाचा, कापणीच्या क्रियेचा. उमरगा-नळदुर्गाकडे, जिथे घरात मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा बोलल्या जातात, तिथे हे पटवून द्यावं लागत नाही. क्रियेवरून हत्यार झालं आणि हत्यारावरून माणसं. यातली शेवटची पायरी साखर कारखान्याने घडवली.

कशासाठी? रूढ उत्तर बैलगाडीचं. एका गाडीला दोन माणसं लागतात, म्हणून जोडपं. मला हे पटत नाही, कारण जिथे बैल नाहीत, डोक्यावर मोळ्या वाहून ट्रक भरतात, त्या डोकी सेंटरवरही हिशेब कोयत्याचाच. दुसरं उत्तर कामाच्या वाटणीचं. पुरुषाने बुडातून तोडायचं, वाढं छाटायचं. बाईने पाचट साफ करून मोळी बांधायची, डोक्यावर न्यायची. हे खरं आहे, पण अशी वाटणी भातकापणीतही होते आणि तिथे जोडप्याला एक नग धरत नाहीत. माझं मत असं की कोयता हा उधारीचा नग आहे. एकट्या पुरुषाला पैसे दिले तर तो मध्येच घरी पळतो, कारण बायकापोरं घरी असतात. जोडप्याला दिले तर सगळं घरच फडावर येतं, आणि पळून जायला मागे घर उरत नाही. गुजरातेत बारडोलीच्या कारखान्यावर 1970 च्या दशकात यान ब्रेमन या डच अभ्यासकाला खानदेशातून आलेल्या टोळ्यांतही हाच ‘कोयता’ मोजणीचं एकक म्हणून भेटला. प्रांत बदलला, कारखाना बदलला, तरी उचल आणि कोयता ही जोडी सुटली नाही. एकाशिवाय दुसरं टिकत नाही, याचा मला हाच मोठा पुरावा वाटतो.

या एककात मूल नाहीसं होतं. मजुरी टनाला मिळते आणि टन कोयत्याच्या नावावर पडतो. दहा वर्षांच्या पोरीने वाढी गोळा केली, मोळ्या ओढल्या, धाकट्याला सांभाळून आईचे हात मोकळे केले, तर ते वजन आईबापाच्या कोयत्यातच धरलं जातं. पुष्कळदा बाईचंही नाव कागदावर नसतं, नवऱ्याच्या सहीत ती येते. 2016 च्या दुरुस्तीने 14 वर्षांखालच्या मुलांना सर्व कामांत बंदी झाली, पण शाळेच्या वेळेबाहेर घरच्या व्यवसायात मदतीची सवलत राहिली. फडातल्या मुलाला ‘घरच्यांना मदत’ या दारातून सहज बाहेर काढता येतं, आणि फडाजवळ शाळाच नसेल तर शाळेची वेळ तरी कोणती मोजणार? कोयता पुरा व्हावा म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकणं, ही याच हिशेबाची पुढची पायरी.

साखरशाळा झाल्या, हंगामी वसतिगृहं झाली, गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं ऊसतोड कामगार महामंडळ झालं. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढही झाली. ही सगळी चांगली कामं आहेत आणि त्यांनी मुलं वाचली आहेत. पण दर वाढला तरी तो कोयत्याला वाढतो, माणसाला नाही. आता युरोपीय संघाचा 2024 चा नियम डिसेंबर 2027 पासून सक्तीच्या श्रमाचा माल बाजारातून हटवणार आहे. तेव्हा पुन्हा साखरेचं पोतं उलटंपालटं करून बघितलं जाईल आणि पोत्यात काही सापडणार नाही. सापडेल ते मुकादमाच्या वहीत.

म्हणून मागणी साधी आहे. तोडणीच्या करारावर कोयत्यांची संख्या न लिहिता माणसं लिहावीत. बाईचं नाव वेगळं, तिची मजुरी वेगळी, आणि सोबत निघालेल्या प्रत्येक मुलाचं नाव आणि वय. भागेलाच्या रांगेत उचल घालण्यासाठी कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण व्याख्या पुरेशी आहे. कलम 15 प्रमाणे हे वेठबिगारीचं कर्ज नव्हे, हे सिद्ध करण्याचा भार पैसे देणाऱ्यावर आहे. कलम 13 प्रमाणे जिल्ह्यात आणि प्रत्येक उपविभागात दक्षता समिती हवी आणि तिच्यावर सामाजिक कार्यकर्ते असतात. वाचकांपैकी कोणी भूम, कळंब किंवा उमरग्याकडच्या अशा समितीवर असेल, तर या दसऱ्याआधीच्या बैठकीत टोळ्यांचे करार मागवून घ्या आणि त्यांत बायकांची आणि मुलांची नावं आहेत का, ते स्वतः तपासा.