तारेची वाट

निर्वात नलिकेच्या, म्हणजे बोलीभाषेतील व्हॉल्व्हच्या, ध्वनिवर्धकाची परिपथ आकृती कोणते टोक कोणत्या टोकाशी जोडावयाचे एवढेच सांगते; जोडणारी तार पेटीतून कोणत्या वाटेने न्यावयाची याविषयी ती गप्प असते, आणि या विद्येचा निम्माअधिक भाग त्या वाटेतच असल्यामुळे तिचा इतिहास कागदापेक्षा जुन्या पेट्यांच्या पोटात अधिक सापडतो. नागपूरच्या दक्षिणेस, आजच्या मिहान प्रकल्पाला खेटून असलेला सोनेगावचा विमानतळ हे त्या इतिहासाकडे पाहण्यासाठी वरवर आडवळणाचे, पण सोयीचे ठिकाण आहे.

१९४९ साली रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि ती आपापल्या शहरांकडे परत फिरत. ट्रान्झिस्टरचा शोध डिसेंबर १९४७ मधला, त्यामुळे त्या काळोखात वैमानिकाच्या कानाशी बोलणारी बिनतारी यंत्रे व्हॉल्व्हचीच होती. १९४८ साली सुरू झालेल्या नागपूर आकाशवाणी केंद्राची यंत्रसामग्री त्याच जातीची होती, आणि मुंबईच्या मोटवाने कुटुंबाच्या ‘शिकागो रेडिओ’ने काँग्रेसच्या सभांतून लावलेल्या कर्ण्यांमागील ध्वनिवर्धकही त्याच कुळातले होते.

अशी पेटी उलटी करून पाहिली की प्रथम नजरेत भरते ती एकमेकींभोवती घट्ट मुरडलेल्या दोन तारांची दोरी, जी पत्र्याच्या कोपऱ्याला चिकटून एका व्हॉल्व्हच्या बैठकीपासून दुसरीपर्यंत गेलेली असते. नलिकेच्या आतील तंतू तापविण्यासाठी तिच्यातून बहुधा ६.३ व्होल्टचा प्रत्यावर्ती, म्हणजे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारा, प्रवाह वाहतो; दोन्ही तारांतील प्रवाह विरुद्ध दिशांचे असल्याने त्या मुरडून ठेवल्या की त्यांची चुंबकीय क्षेत्रे परस्परांना बरीचशी मारतात, आणि त्याच तारा सैल, सुट्या सोडल्या की कर्ण्यातून अखंड घुमणे ऐकू येते, ज्याला कारागीर नुसते ‘हम’ म्हणतात. ग्रिडकडे, म्हणजे नलिकेतील प्रवाहाला लगाम घालणाऱ्या जाळीकडे, जाणारी तार याउलट होता होईल तो आखूड ठेवावी लागते, कारण तिच्यावरील संदेश दुबळा असतो आणि शेजारून जाणारे काहीही ती उचलते. वर्धित संदेश घेऊन निघालेली प्लेटची, म्हणजे नलिकेच्या बाहेर पडण्याच्या टोकाची, तार तिच्या जवळून नेली, तर बाहेर पडलेला आवाज पुन्हा आत शिरतो आणि यंत्र आपणहून शिट्टी घालू लागते. डाख कितीही स्वच्छ असला तरी ही शिट्टी थांबत नाही, मात्र लाकडी काडीने ती तार बोटभर बाजूला सारली की थांबते.

रेडिओ बांधणाऱ्यांना यातील बऱ्याच चुका पचत असत, कारण घरगुती रेडिओच्या लहानशा कर्ण्याला ५० कंपनांचा खर्ज नीट उमटवताच येत नसे. विद्युत गिटारच्या ध्वनिवर्धकाने ही सवलत काढून घेतली. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सेकंदाला सुमारे ८२ कंपनांचा, तंतूंचा हम ५० चा आणि वीजपुरवठ्यात एकदिश केलेल्या प्रवाहाची घरघर १०० ची, म्हणजे वाद्य आणि दोष एकाच मजल्यावर राहावयास आले; वर गिटारचा संदेश इतका क्षीण की तो वाढविताना दोषही तितकाच वाढे. म्हणून पुरवठ्यातील पहिल्या मोठ्या धारित्राची, म्हणजे विद्युतभार साठविणाऱ्या घटकाची, भूजोडणी रोहित्राजवळ आणि गिटारच्या खोबणीची भूजोडणी दूरच्या टोकाला ठेवण्याची, तसेच वीजपुरवठ्याचे रोहित्र व कर्ण्याचे रोहित्र परस्परांशी काटकोनात बसविण्याची रीत येथे काटेकोरपणे पाळावी लागली. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांच्या कारखान्याने घटक एका छिद्रे पाडलेल्या पट्टीवर ओळीने मांडले. १९६२ च्या सुमारास लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातील मंडळींनी फेंडरच्या ‘बासमन’चा परिपथ उचलला, पण मांडणी आपल्या हाताने केली. भारतात बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ईसीसी ८३ आणि ईएल ८४ या ध्वनिवर्धकांत सर्रास वापरल्या जाणाऱ्या नलिका बनविल्या. नलिका अशा बाजारात मिळत, तारेची वाट मात्र मिळत नसे. ती पेटी उघडून पाहूनच शिकावी लागे, आणि तेही बेताने, कारण वीज बंद केल्यावरही धारित्रात तीनचारशे व्होल्टचा भार दबा धरून बसलेला असतो.

पुढे छापील परिपथपट्टी आली आणि तारेची वाट कारागिराच्या हातातून आरेखकाच्या टेबलावर गेली. विमानात मात्र तारेची वाट अजून टिकून आहे; मिहानमध्ये बोईंगने एअर इंडियासाठी उभारलेले आणि २०१५ साली सुरू झालेले विमान देखभाल केंद्र जुन्या टपाल विमानांच्या धावपट्टीपासून दूर नाही. आजच्या विमानातही संदेशाच्या तारा मुरडलेल्या जोडीनेच आणि वर धातूच्या जाळीचे आवरण घालून नेल्या जातात, आणि विजेच्या जाड तारांपासून त्यांना अंतरावर ठेवले जाते. फरक एवढाच, की तेथे तारांची जुडी कोणत्या पकडीतून कोठे वळते हे आराखड्यात लिहिलेले असते, आणि मंजूर कागदाखेरीज ती वाट तंत्रज्ञाला बदलता येत नाही.