पंचवटीची दानपरंपरा आणि मूत्रपिंडरुग्णांची सेवा

गोदातीरावरील पंचवटी हे क्षेत्र जितके देवालयांचे, तितकेच धर्मशाळांचे व अन्नछत्रांचे आहे. सिंहस्थात येणारा यात्रेकरू उघड्यावर निजू नये, उपाशी राहू नये, या भावनेने आपल्या पूर्वजांनी मिळकतीचा वाटा बाजूस काढला. परंतु दानाचे पात्र काळानुसार पालटत असते. पेठ, सुरगाणा, दिंडोरी या तालुक्यांतून आठवड्यास दोन-तीन वेळा रक्तशुद्धीसाठी नाशिकास येणारा मूत्रपिंडरुग्ण हाही एक यात्रेकरूच होय. फरक इतकाच की, त्याची यात्रा संपत नाही.

धर्मशाळेचा हा ओघ रुग्णांकडे वळविण्याचे मोठे कार्य संत गाडगे महाराजांनी केले. नाशिक, पंढरपूर, आळंदी येथे त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारल्या. आणि १९५४ साली मुंबईस जे. जे. रुग्णालयातील रुग्णांच्या नातेवाइकांसाठीही निवारा उभा केला. औषध देणारा वैद्य असला तरी रुग्णाच्या सोबत्याने रात्र कोठे काढावी, हा प्रश्न त्यांस तितकाच महत्त्वाचा वाटला.

मूत्रपिंडाच्या विकाराचा इतिहास मात्र अगदी अलीकडचा आहे. निरोगी मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातून केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकतात. मधुमेह व रक्तदाब यांमुळे ही शक्ती हळूहळू क्षीण होते. आणि बहुधा बराच काळ रोग्यास त्याचा पत्ताही लागत नाही. पूर्वी दोन्ही मूत्रपिंडे निकामी होणे म्हणजे मृत्यूच होता. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, हॉलंडमधील डॉ. विलेम कोल्फ यांनी लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून रक्तशुद्धीचे यंत्र सिद्ध केले. त्यांचे पहिले रुग्ण बहुतेक दगावले. १९४५ साली एक ६७ वर्षांची वृद्धा वाचली. पुढे १९६० साली अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. स्क्रिब्नर यांनी हातातील रक्तवाहिन्यांस कायम जोडून ठेवता येईल अशी नळी शोधली, आणि तेच उपचार वर्षानुवर्षे देणे शक्य झाले.

येथेच एक विलक्षण प्रसंग उद्भवला. यंत्रे थोडी, रुग्ण फार. तेव्हा कोणी जगावे हे ठरविण्यासाठी सिएटल येथे नागरिकांची एक समिती नेमण्यात आली. रोग्याची मिळकत, त्याचे कुटुंब, समाजातील त्याचे स्थान यांचा ती विचार करी. १९६२ साली ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हा सुज्ञ जनांस धक्का बसला. ज्याच्यापाशी देण्यासारखे थोडे असते, त्याला ‘कोणास?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावेच लागते.

आपल्या देशात वेल्लोर येथे १९७१ साली मूत्रपिंडाचे यशस्वी आरोपण झाले. अवयवांचा बाजार रोखण्यासाठी १९९४ साली कायदा झाला. मुंबईत १९९३ साली नर्मदा किडनी फाउंडेशन स्थापन झाले. २०१६ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम जाहीर केला. राज्याच्या आरोग्य योजनेस २०१७ साली महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पात्र रुग्णांस तीतून रक्तशुद्धीचा खर्च मिळतो. धर्मादाय रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धनांस मोफत व दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीने द्याव्यात, अशी योजना उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून अमलात आहे. हे पुष्कळांस ठाऊक नसते. ते त्यांस सांगणे हीही मोठी सेवाच आहे.

मग दानशूरांसाठी काय उरले? पुष्कळ उरले. एका वेळची रक्तशुद्धि म्हणजे सुमारे चार तास यंत्राशेजारी पडून राहणे. त्यास १२० लिटर अतिशुद्ध पाणी लागते. रुग्णाबरोबर सोबत्याचाही रोजगार बुडतो. एस. टी. चे भाडे, इंजेक्शने, तपासण्या, पथ्याचे अन्न, आणि आरोपणानंतर जन्मभर घ्यावयाची औषधे, हा भार घर खचवितो. बसभाड्याअभावी एक खेप चुकली, तर पुढील खेपेपर्यंत रुग्ण तग धरीलच असे नाही. स्थानिक धर्मादाय संस्थेचे खरे कार्य या लहान वाटणाऱ्या रकमांतच आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत माता, पत्नी, भगिनी यांचीच संख्या मोठी आहे, घेणाऱ्यांत पुरुषांची. पतीसाठी पत्नी पुढे येते, हे भूषण खरे. पण पत्नी आजारी पडली असता घरातील पुरुष किती पुढे येतात, हे प्रत्येक कुटुंबाने स्वतःस विचारावे. मरणोत्तर अवयवदानाचा निश्चय घरोघरी झाला, तर स्त्रियांवरील हा भारही हलका होईल.

पंचवटीच्या धर्मशाळांपैकी कित्येक एकेका ज्ञातीपुरत्या होत्या. याच पंचवटीत २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराच्या द्वाराशी सत्याग्रह सुरू झाला, आणि दार कोणासाठी उघडे आहे, हा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे उभा राहिला. मूत्रपिंड देताघेताना रक्तगट पाहतात, ज्ञाती कोणी पाहत नाही. म्हणून ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी आपल्या निधीचा काही अंश या कार्यासाठी राखून ठेवावा. आणि त्याचा लाभ घेणाऱ्यास त्याचे आडनाव विचारू नये. पूर्वजांच्या दानाची शोभा त्यानेच वाढेल.