आखाड्यावरचं छप्पर: भिंत नसलेल्या घराची गोष्ट

आजचा भाग आखाड्यावर. कुस्तीचा नाही हं, शेतातला. आपल्या परभणी-हिंगोलीकडं शेतातल्या गोठ्याच्या जागेला आखाडाच म्हणतात.

परभणीहून जिंतूरला जाताना झरीच्या पुढं बोरी लागतं. बोरीच्या शिवारात फिरताना मला एक गोष्ट सारखी दिसते: सहा-आठ खांब, वर छप्पर, बाजूंनी सगळं मोकळं. खाली बैलं, कडबा, खताची पोती आणि दुपारी बाजेवर आडवा झालेला एखादा मामा. दिसायला साधं, पण त्यामागं तीन हजार वर्षांहून जुनी रीत आहे.

आधी बांधणी समजून घेऊ. जुन्या छपराला खड्डे खोदून मेढी रोवायच्या. मेढ म्हणजे वर बेचकं असलेला खांब. मधल्या मेढी उंच, कडेच्या बुटक्या. मधल्या बेचक्यांत आडवं बसतं ते आढं. आढ्यावरून दोन्हीकडं वासे उतरतात, त्यांवर तुराट्या, पऱ्हाट्या, गवत. आडोसा हवा असेल तर तुराट्यांचा कूड. मुद्दा एवढाच, की कूड काढला तरी छप्पर हलत नाही. सगळा भार खांबांवर असतो.

आता जाऊ इनामगावला. पुणे जिल्ह्यात, घोड नदीकाठी. १९६८ ते १९८३ या काळात डेक्कन कॉलेजनं तिथं उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनपूर्व १६०० ते ७०० या काळातलं शेतकऱ्यांचं गाव सापडलं. लाकूड केव्हाच कुजलं होतं, पण खांबांच्या खड्ड्यांत भरलेली माती वेगळी दिसत होती. त्या गोल डागांवरून घरांचे आकार कळले. आधी ऐसपैस चौकोनी घरं, शेवटच्या काळात छोट्या गोल झोपड्या. पाऊस कमी झाला, शेती आटली, लोक जनावरांवर जास्त जगू लागले, असा अर्थ ढवळीकरांनी लावला. दुष्काळ घराचा आकारही बदलतो. हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

पुढं लोणावळ्याजवळची भाजे लेणी, इसवी सनपूर्व दुसरं शतक. तिथल्या चैत्यगृहातले दगडी खांब आतल्या बाजूला झुकलेले आहेत. दगडात कोरलेल्या खांबाला झुकायची काय गरज? काहीच नाही. पण लाकडी इमारतीत छपराचा बाहेर पडणारा रेटा पेलायला खांब तसे रोवत. कारागिरांनी ती सवय दगडातही उतरवली.

आणि मग ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास. किल्लारीचा भूकंप. लातूर-उस्मानाबाद भागात सुमारे आठ हजार माणसं गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचं ओझं, झोपेतल्या माणसांना निसटायला वेळच मिळाला नाही. मात्र ज्या घरांत माळवद आतल्या लाकडी खांबांच्या खणांवर तोललेलं होतं, तिथं अनेक ठिकाणी भिंती ढासळूनही खांब आणि छत उभं राहिलं. ढासळत्या भिंतींनी जीव घेतलेच, पण छत कुणाच्या आधारावर आहे हा प्रश्न किती मोठा आहे ते त्या पहाटे दिसलं.

हे लांबचं वाटतंय? १० जुलै २०२४ ला हिंगोलीत ४.५ रिश्टरचा धक्का बसला, तो परभणीतही जाणवला.

आज गवताच्या जागी पत्रा आणि मेढीच्या जागी लोखंडी पाईप आलाय. पत्रा हलका, म्हणजे भूकंपात बरा. पण वळवाच्या वाऱ्यात त्याचं उलटं होतं. बाजू मोकळ्या असल्यामुळं वारा आत शिरतो आणि पत्र्याला खालून उचलतो. म्हणून खांबाचा पाय खोल हवा आणि पत्रा बोल्टनं आवळलेला हवा. नुसते दगड ठेवून भागत नाही, पत्रा उडाला तर तेच दगड खालच्या जनावरांवर पडतात.

घर फिरलं की वासेही फिरतात म्हणतात. आपल्याकडं तर वासा म्हणजे काय हेच विसरायची वेळ आलीय! तर एक काम करा. आजोबांना घेऊन आखाड्यावर जा, प्रत्येक लाकडाचं नाव विचारा आणि मोबाईलवर रेकॉर्ड करा. तुमच्या गावात मेढीला दुसरं काही म्हणत असतील तर मला नक्की कळवा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!