थरथरीच्या आधी आणि नंतर

मराठीत कंपवात, उर्दूत राशा, इंग्रजीत एकेकाळी शेकिंग पाल्सी. तिन्ही नावांची नजर थरथरणाऱ्या हातावर. मी शब्दांत रमणारा माणूस; मला नेहमी वाटतं, या आजाराची निम्मी हकिगत त्याच्या नावांनीच झाकली आहे.

लंडनच्या हॉक्स्टन भागातले डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये यावर छोटा निबंध लिहिला. रुग्ण अवघे सहा, त्यांतले काही तर रस्त्यात दिसलेले. पण पार्किन्सन यांनी आजाराची वाटचाल नोंदवली. आधी एका हाताला बारीकसा कंप. काही काळाने तो दुसऱ्या अवयवांत. मग लिहिणं अवघड, घास तोंडापर्यंत नेणं अवघड. पुढे शरीर वाकतं, पावलं आखूड होतात आणि माणूस इच्छा नसताना धावल्यासारखा पुढे जातो. अखेरीस बोलणं समजेनासं होतं. बुद्धी मात्र शाबूत राहते, असं त्यांनी लिहिलं. ते पुरतं खरं नव्हतं. अनेकांची स्मरणशक्ती आणि विचारशक्ती उत्तरकाळात मंदावते, हे पुढे कळलं.

त्याच सुमारास जर्मनीत एक रुग्ण स्वतःचाच आजार लिहून ठेवत होता. विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट हे भाषांचे थोर अभ्यासक. भगवद्गीतेवर त्यांनी बर्लिनच्या अकादमीत १८२५-२६ मध्ये व्याख्यानं दिली होती. १८२८ पासून १८३५ मध्ये मृत्यू येईपर्यंतच्या त्यांच्या पत्रांत हा आजार पायरीपायरीने वाढताना दिसतो. हात स्वस्थ असताना कापतो, शरीर वाकलं आहे, झटपट करायच्या गुंतागुंतीच्या हालचाली जमत नाहीत. अक्षर मोठं काढायचं ठरवलं तरी ते बारीकच होत जातं. ते याला आजार म्हणत नव्हते. १८२९ मध्ये पत्नी गेली आणि म्हातारपण लवकर आलं, एवढंच त्यांचं म्हणणं. आयुष्य अक्षरांत घालवलेल्या माणसाला अक्षरानेच दगा द्यावा, हे वाचताना मला फार लागलं.

पॅरिसचे डॉक्टर शार्को यांनी पुढे दाखवलं, की ताकद बरीचशी टिकून असते. हालचालीच मंद आणि ताठर होतात. काहींना कंप नसतोच. आजाराला पार्किन्सन यांचं नाव रूढ झालं ते शार्को यांच्यामुळे.

मेंदूतलं डोपामिन घटतं, हे १९६० मध्ये उघड झालं. १९६७ मध्ये कोत्झियास यांनी लेव्होडोपाचे मोठे डोस देऊन रुग्णांना चालतं केलं. हेच द्रव्य आपल्या खाजकुहिलीच्या बियांत असतं. भारतीय संशोधकांनी ते १९३७ मध्ये वेगळं काढलं होतं. (म्हणून कुणी बिया खाऊ नयेत!) मात्र औषधाने आजाराला नवी रूपंही दिली. काही वर्षांनी गोळीचा असर लवकर ओसरू लागतो; मधल्या काळात अंग आपोआप वळवळतं.

आणि आरंभ? तो कंपाच्याही बराच आधी होतो, असं आता दिसतं. वास येईनासा होतो, बद्धकोष्ठता होते, झोपेत माणूस स्वप्नाप्रमाणे हातपाय झाडतो. बद्धकोष्ठता आणि बिघडलेली झोप पार्किन्सन यांनीही टिपली होती, पण नंतरची लक्षणं म्हणून. वास गेला म्हणजे कंपवातच, असं अर्थातच नाही. तो साध्या सर्दीनेही जातो.