बोले ठराव आणि मुंबई कायदेकौन्सिलचे सभासदत्व (१९२१–१९३७)

मुंबई इलाख्याच्या कायदेकौन्सिलने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केलेला एक ठराव 'बोले ठराव' या नावाने प्रसिद्ध आहे. सरकारी निधीतून बांधलेले व चालविलेले, अथवा सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यातील सर्व पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा उपयोग अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना करू द्यावा, अशी शिफारस या ठरावाने सरकारला केली. महाडच्या सत्याग्रहाची पूर्वपीठिका म्हणून त्याचा निर्देश बहुतेक ग्रंथांत आढळतो. परंतु ज्या सभागृहाने तो संमत केला त्याची घडण कशी होती, त्यात कोणाला कोणत्या मार्गाने प्रवेश मिळत असे, आणि ठरावाचे सामर्थ्य व दौर्बल्य यांचा त्या घडणीशी काय संबंध होता, या प्रश्नांची चर्चा क्वचितच होते. प्रस्तुत लेखाचा विषय हा संबंध होय.

१

मुंबईच्या कायदेकौन्सिलचा आरंभ १८६१ च्या कायद्याने झाला. १८६२ मध्ये भरलेल्या पहिल्या कौन्सिलात गिरगावचे नाना शंकरशेट यांची नेमणूक झाली होती. शहरातील प्रतिष्ठित गृहस्थ, व्यापारी, संस्थानिक व सरदार यांच्यातून गव्हर्नराने आपल्या मर्जीने सभासद निवडावेत, असा तो काळ होता. १८९२ च्या कायद्याने नगरपालिका व विद्यापीठ यांसारख्या संस्थांच्या शिफारशीला स्थान मिळाले, व फिरोजशहा मेहता हे मुंबईच्या नगरपालिकेतर्फे सभागृहात आले. तथापि मतसंख्या सरकारच्याच हाती होती. १९०१ मध्ये जमीन महसुलाच्या कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक पुण्याच्या अधिवेशनात पुढे आले असता मेहता, गोखले व त्यांचे काही सहकारी सभात्याग करून निघून गेले. उत्तम वक्तृत्व व अचूक आकडे जवळ असूनही मते मोजण्याची वेळ आली की पराभव निश्चित, ही स्थिती त्या प्रसंगाने लोकांच्या नजरेस आणली. १९०९ च्या सुधारणांनी बिनसरकारी सभासदांचे बहुमत झाले. परंतु त्यांतही सरकारनियुक्तांचा भरणा असल्याने लोकनियुक्तांचे बहुमत मुंबईत झालेच नाही.

ते प्रथम झाले १९१९ च्या कायद्याने. नव्या कौन्सिलात लोकनियुक्त सभासदांच्या ८६ जागा होत्या. त्यांपैकी ४६ मुसलमानेतर मतदारसंघांना, २७ मुसलमान मतदारसंघांना, ७ व्यापार व उद्योग यांना, ३ जमीनदारांना, २ युरोपियनांना व १ विद्यापीठाला होती. मुसलमानेतरांच्या जागांपैकी ७ मराठे व तत्सम जातींसाठी राखून ठेवल्या होत्या. मुंबई शहरात मुसलमानेतरांचे उत्तर व दक्षिण असे दोन मतदारसंघ असून प्रत्येकातून तीन सभासद निवडून यावयाचे होते.

२

ही रचना वरवर पाहता उदार दिसते. तिचा खरा अर्थ मात्र परळ-लालबागच्या चाळीत उभे राहून पाहिल्याशिवाय कळत नाही. मुंबई शहरात मताधिकार मिळण्यासाठी मतदाराच्या ताब्यातील घराचे भाडेमूल्य वर्षाला १२० रुपये, म्हणजे महिन्याला १० रुपये, असावे लागे. अथवा तो प्राप्तिकर भरणारा असावा लागे, आणि त्या काळी वार्षिक २,००० रुपयांच्या खालील उत्पन्नावर प्राप्तिकर नव्हता. आता याच वर्षांत मुंबई सरकारच्या मजूर कचेरीने केलेली कामगार कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी शेजारी ठेवावी. १९२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत कामगार कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपयांच्या आसपास भरले, व खर्चातील घरभाड्याचा वाटा शेकडा ७.७ आढळला. म्हणजे सरासरी कामगार कुटुंब महिना सुमारे चार रुपयांच्या खोलीत राहत होते. मताधिकाराची रेषा त्याच्या भाड्याच्या अडीचपट उंचीवर आखली गेली होती. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ११,७५,९१४ होती. तिच्यातील गिरणगावाचा फार मोठा भाग या एकाच अटीने मतदारयादीच्या बाहेर राहिला. मुंबईच्या गिरणीमालक संघाला मात्र स्वतःचा एक प्रतिनिधी निवडून देण्याचा हक्क होता, व अहमदाबादच्या गिरणीमालकांनाही तसाच होता.

मजूर व अस्पृश्य वर्ग यांच्या वाट्याला आली ती केवळ सरकारनियुक्ती. पहिल्या कौन्सिलात अस्पृश्य वर्गातर्फे ज्ञानदेव ध्रुवनाथ घोलप हे नियुक्त सभासद होते. 'मूकनायक' पत्राशी त्यांचा संपादक म्हणून संबंध होता. इलाखाभर पसरलेल्या समाजाच्या वतीने बोलणारा हा एकच आवाज होता, व तोही मतदारांनी पाठविलेला नव्हे. तेव्हा १९२३ चा ठराव ज्यांच्या हिताचा, त्यांच्या मतांच्या भयाने वा आशेने कोणी त्याला पाठिंबा दिला असे म्हणता येत नाही. ती मते अस्तित्वातच नव्हती.

३

ठराव मांडणारे सीताराम केशव बोले हे दादरचे रहिवासी व भंडारी समाजातील पुढारी. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या प्रमुख चालकांत त्यांची गणना होते. सत्यशोधक परंपरेतील कामगारकार्य आणि ब्राह्मणेतर चळवळ हे दोन्ही प्रवाह त्यांच्या ठायी एकत्र आले होते. परळच्या वस्तीशी त्यांचा संबंध जुना. १९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले तेव्हा भरलेल्या अभिनंदनाच्या सभेचे अध्यक्षस्थान बोले यांनी स्वीकारले होते, व त्याच सभेत कृष्णराव अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले होते.

बोले यांच्या कामगिरीला कालाचीही अनुकूलता लाभली. असहकारितेच्या धोरणामुळे काँग्रेसने १९२० च्या निवडणुकांवर बहिष्कार घातला होता. त्यामुळे पहिल्या कौन्सिलात नेमस्त, ब्राह्मणेतर व स्वतंत्र सभासदांना एरवी मिळाला नसता इतका अवकाश मिळाला. प्राथमिक शिक्षणाचा १९२३ चा कायदा याच कौन्सिलाचा, व तो रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांच्या मंत्रिपदाच्या कारकीर्दीतला. बोले ठरावही याच सभागृहाच्या मुदतीच्या अखेरीस आला. त्याच वर्षाच्या शेवटी निवडणुका होऊन स्वराज्य पक्षाने कौन्सिलात प्रवेश केला आणि सभागृहाचे लक्ष मुख्यतः सरकार व लोकपक्ष यांच्या झगड्याकडे वळले.

४

या ठिकाणी ठराव व कायदा यांतील भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे. कौन्सिलचा ठराव ही सरकारला केलेली शिफारस असे. ती मानणे सरकारवर बंधनकारक नसे. सरकारने मानली तरी तिच्यायोगे कोणा व्यक्तीस न्यायालयात मागता येईल असा हक्क उत्पन्न होत नसे. मुंबई सरकारने ११ सप्टेंबर १९२३ रोजी आपल्या खातेप्रमुखांना ठरावाप्रमाणे वागण्याच्या सूचना दिल्या. सरकारच्या स्वतःच्या संस्थांपुरते हे ठीक होते. परंतु गावचे तळे वा विहीर बहुधा नगरपालिकेच्या किंवा लोकलबोर्डाच्या ताब्यात असे, आणि या संस्थांत बसणारे बहुतेक लोक बंदी पाळणाऱ्या समाजातीलच होते.

कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. पण तळ्यावर पाणी भरण्यास कोणी अस्पृश्य जाऊ धजला नाही. शहराच्या सवर्ण वस्तीतून जाऊन पाणी काढणाऱ्यास संरक्षण देण्याची कोणतीही तरतूद त्या ठरावात नव्हती.

बोले यांना ही उणीव उमगली होती. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी कौन्सिलात दुसरा ठराव आणला: ज्या नगरपालिका व लोकलबोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करणार नाहीत त्यांना सरकारने अनुदान देऊ नये. पहिल्या ठरावात आवाहन होते. दुसऱ्यात दंड होता. तीन वर्षांत एका सभासदाची भूमिका एवढी बदलावी, यातच पहिल्या ठरावाच्या अंमलाचा इतिहास सामावलेला आहे.

५

दरम्यान परळमध्ये निराळीच तयारी चालली होती. ९ मार्च १९२४ रोजी दामोदर हॉलमध्ये सभा भरली व त्या वर्षीच्या जुलैमध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिची कचेरीही याच हॉलमध्ये होती. आंबेडकरांचे बिऱ्हाड तेथून जवळच पोयबावडीच्या इंप्रुव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत होते. १९२६ च्या अखेरीस नव्या कौन्सिलची रचना झाली तेव्हा अस्पृश्य वर्गाच्या नियुक्त जागा एकावरून दोन करण्यात आल्या, व आंबेडकर आणि पु. गो. सोळंकी यांची नेमणूक झाली. आंबेडकर फेब्रुवारी १९२७ मध्ये सभागृहात आले व त्याच अधिवेशनात २४ फेब्रुवारीला त्यांनी अर्थसंकल्पावर आणि १२ मार्चला शिक्षणाच्या अनुदानावर भाषणे केली. त्यानंतर आठवडाभरात, १९ व २० मार्च रोजी, महाडची परिषद भरली आणि २० मार्चला परिषदेतील लोकांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले.

या दोन घटनांचे सान्निध्य हा केवळ योगायोग मानणे बरोबर नाही. महाडला जमलेले लोक नवा हक्क मागत नव्हते; कौन्सिलने शिफारलेला, सरकारने मान्य केलेला व नगरपालिकेने जाहीर केलेला हक्क ते बजावीत होते. कागदावरील मजकुराला आचाराचे रूप देण्याचे जे काम सभागृहाला करता आले नव्हते, ते सभागृहाबाहेरच्या लोकांनी केले. त्याचे प्रत्युत्तर म्हणून त्यांना मारहाण सोसावी लागली. पुढे महाडच्या नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. त्या रद्दबातल ठरावाची तारीख ४ ऑगस्ट १९२७ आहे. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण होत होती.

यानंतर वाद न्यायालयात गेला. डिसेंबर १९२७ मध्ये मनाई हुकूम निघाला, आणि खटला खालच्या न्यायालयांतून चढत चढत १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयात संपला. न्या. ब्रूमफील्ड यांच्या निर्णयात अस्पृश्यांना वगळण्याची रूढी स्मरणातीत काळापासूनची असल्याचे सिद्ध झाले नाही, असे ठरले. म्हणजे निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने झाला, पण तो तळ्याची मालकी व रूढीचा पुरावा यांच्या आधारे. कौन्सिलच्या ठरावाने न्यायालयीन हक्क निर्माण होत नव्हता, ही गोष्ट दहा वर्षांच्या त्या दाव्याने स्पष्ट केली.

६

त्या निकालाच्या सुमारे एक महिना आधी, फेब्रुवारी १९३७ मध्ये, १९३५ च्या कायद्याखालील पहिल्या निवडणुका झाल्या. प्रांतिक असेंब्लीच्या १७५ जागांपैकी १५ अनुसूचित जातींसाठी व ७ मजुरांसाठी होत्या. आंबेडकर हे स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबई शहरातील भायखळा व परळ या मतदारसंघातून निवडून आले. त्यांचे प्रतिस्पर्धी प्रख्यात क्रिकेटपटू पाळवणकर बाळू हे होते. १९२७ मध्ये ज्या वस्तीतून आंबेडकर सरकारी नेमणुकीने कौन्सिलात गेले, त्याच वस्तीच्या मतांवर ते दहा वर्षांनी असेंब्लीत गेले. शंकरशेटांच्या गिरगावापासून परळच्या चाळीपर्यंत मुंबईच्या प्रतिनिधित्वाचा जो प्रवास पाऊणशे वर्षांत झाला, त्याचा हा महत्त्वाचा टप्पा म्हटला पाहिजे.

बोले ठरावाचे मूल्यमापन या पार्श्वभूमीवर करावयास हवे. त्याला निष्फळ म्हणणे अन्यायाचे होईल. 'सार्वजनिक निधीतून चाललेली वस्तू सर्वांची' हे तत्त्व मुंबईच्या विधिमंडळाने त्यायोगे स्पष्ट शब्दांत मान्य केले, आणि महाडच्या लोकांना कायदेशीर भूमी मिळाली. भारतीय संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात राज्याच्या निधीतून पूर्णतः वा अंशतः चालविल्या जाणाऱ्या विहिरी, तळी व स्नानघाट यांच्या उपयोगाविषयी जी तरतूद आहे, तिचे या ठरावाशी असलेले आशयसाम्य कोणाही अभ्यासकाच्या सहज ध्यानात येईल. उलटपक्षी, या ठरावाला महाडचा मूळ प्रेरक मानणे हेही अतिशयोक्तीचे होईल. ज्या सभागृहाच्या मतदारयादीत चार रुपये भाड्याच्या खोलीला जागा नव्हती, त्या सभागृहाला पाण्याचा हक्क सांगता आला. देता आला नाही. सांगणे व देणे यांतील अंतर लोकांनी स्वतः तुडविले, आणि त्या वाटेवर पुढे मताधिकारही आला. कायदेकौन्सिलच्या कामकाजाचा अभ्यास करताना वृत्तांतातील भाषणांइतकेच मतदारयादीकडेही लक्ष द्यावे लागते, हा या प्रकरणाचा इतिहासाच्या विद्यार्थ्याला मिळणारा धडा होय.